पोटगीचा अर्ज आणि कागदांची जुळणी



वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वर येतात, शिवछत्रपती येतात, शेतीचे आणि शिक्षणाचे प्रश्न येतात. पोटगीचा अर्ज सहसा येत नाही. तो विषय घेऊन उभे राहण्यास आम्हाला बोलावले, याबद्दल चिटणिसांचे आभार मानतो. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. कायद्याची पुस्तके आम्ही वाचली ती युनियनच्या कचेरीत, टाळेबंदीच्या आणि संपाच्या रिकाम्या दिवसांत, पुठ्ठे निघालेल्या जुन्या प्रतींतून. तेव्हा आज कायद्याचे व्याख्यान होणार नाही. दप्तर कसे लावावे, एवढेच सांगणार आहोत.

कोणी विचारील, कामगार संघटनेचा आणि नवराबायकोच्या भांडणाचा संबंध काय? महाडच्या औद्योगिक वसाहतीत संध्याकाळची पाळी सुटली की आमच्या कचेरीत सभासद येतात. ते गेल्यावर, दिवेलागणीनंतर, कधी कधी त्यांच्या बायका येतात. कोणाचा नवरा मुंबईला गेला तो दोन वर्षे परतला नाही. कोणाचा इथेच आहे, पण त्याने दुसरे बिऱ्हाड केले आहे. पोलादपूर-महाडचा माणूस पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या पगारावर जगला; गिरण्या होत्या तेव्हा गिरणीच्या, आता कुठे गोदामाच्या, कुठे टॅक्सीच्या, कुठे सुरक्षारक्षकाच्या. पगार तिकडे आणि घर इकडे, ही आपल्या भागाची जुनी रीत. मनीऑर्डर थांबली की घर थांबते. कामगाराला पगार मिळवून देणे हे जर आमचे काम, तर तो पगार त्याच्या लेकरांपर्यंत पोचतो की नाही हे पाहणे आमचे काम नाही, असे आम्हाला कधी वाटले नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याला घरी बसून भागते त्याने केलेली असावी. जिच्या घरात दाणा नाही, तिला पायरी चढावीच लागते. प्रश्न एवढाच की हातात काय घेऊन चढावी.

प्रथम दाराविषयी. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ साली झाला. त्याच्या तेराव्या कलमाने असे ठरविले की या न्यायालयात वकील लावण्याचा हक्क म्हणून कोणालाही दावा करता येणार नाही. न्यायालयाला गरज वाटली तर ते कायदेतज्ज्ञाला आपल्या मदतीला बोलावील. हेतू असा की, नवराबायकोने आपले म्हणणे आपल्या तोंडाने सांगावे, न्यायाधीशांनी आधी समेटाचा प्रयत्न करावा, आणि पुराव्याच्या काटेकोर नियमांत कोणाचे घर अडकू नये. १९८९ मध्ये पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालये सुरू झाली. कायद्याने ती सक्तीची केली दहा लाखांवर वस्तीच्या शहरांना. महाड आणि पोलादपूर यांची वस्ती त्याच्या जवळपासही जात नाही. आपल्याकडच्या बाईला पोटगी मागायची तर ती आपल्या भागाच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. आकडा बदलला, हक्क तोच राहिला. तो हिंदूंना आहे, बौद्धांना आहे, मुसलमानांना आहे. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही या कलमाखाली मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा एकदा स्पष्ट केले. नवरा मुंबईत असला तरी बायको राहते तिथे अर्ज चालतो. त्यासाठी वांद्र्याला जावे लागत नाही.

मात्र नवऱ्यानेच वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज केला, तर समन्स पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर येते. अशा वेळी ते घेत नाही म्हणून परत पाठवू नये. समन्स नाकारले की दावा थांबतो, हा समज आम्ही पुष्कळ घरांत पाहिला. थांबत तर नाहीच, तो एकतर्फी पुढे सरकतो. समन्स घ्यावे, तारीख लिहून ठेवावी, आणि हजर व्हावे. दावा इकडच्या न्यायालयाकडे वर्ग करावा असा अर्ज उच्च न्यायालयाकडे करता येतो. हिंदू विवाह कायद्याच्या चोविसाव्या कलमाखाली दाव्याचा खर्चही मागता येतो, म्हणून एस.टी.चे तिकीट फेकू नये.

आता वकिलाविषयी. महाडला काय किंवा कुठेही काय, पक्षकाराला आपला दावा स्वतः चालविता येतो. त्यासाठी कोणाची मेहेरबानी लागत नाही. पण स्वतः म्हणजे स्वतःच. आम्ही कामगार न्यायालयात उभे राहत आलो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने संघटनेच्या माणसाला कामगाराच्या वतीने बोलण्याचा अधिकार दिला होता, आणि समेट अधिकाऱ्यापुढे तर वकिलाला मज्जावच होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. त्या सवयीने पुष्कळ बहिणी म्हणतात, "भाऊ, तुम्हीच बोला." तिथे आमचे तोंड चालत नाही. न्यायालयाने एखाद्या प्रकरणापुरती खास परवानगी दिली तरच वकील नसलेल्याला बोलता येते, आणि तिच्यावर भरवसा ठेवून जाता येत नाही. आम्ही बाहेरच्या बाकावर बसतो. तेव्हा जे करायचे ते दाराच्या अलीकडे.

आणि वकिलाविना जाणे हे काही व्रत नव्हे. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न न पाहता, फुकट वकील मिळतो. औद्योगिक कामगारालाही त्याच कलमात तो हक्क आहे, ही गोष्ट आमच्याच सभासदांना ठाऊक नसते. तालुक्याच्या न्यायालयात विधिसेवा समिती असते, जिल्ह्याचे प्राधिकरण अलिबागला. मागावा, जरूर मागावा. पोटगीच्या बाबतीत महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फीही माफ आहे. पण वकील फुकट मिळो की पैशाने, तो तुमच्या घरात राहत नाही. लग्न कुठे झाले, नवऱ्याने शेवटचे पैसे कधी दिले, तो कोणाकडे कामाला आहे, हे तुम्हीच सांगणार आणि कागद तुम्हीच आणणार. दप्तर नीट नसेल तर वकिलाचेही काही चालत नाही.

महाडकरांना कोर्टकज्जा नवा नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. तो सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात इथल्या दिवाणी कोर्टात डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी यांच्यावर दावा दाखल झाला, तो महाडहून ठाण्याला आणि ठाण्याहून मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला, आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाली निघाला, हे थोडेच जण सांगतात. दहा वर्षे! वादी म्हणत होते की अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादि काळापासून आहे. उच्च न्यायालयाने म्हटले, तुम्ही ती सिद्ध केलेली नाही. गावातली सगळी वजनदार मंडळी एका बाजूला होती आणि तरीही, जो म्हणतो त्याने दाखवावे, या एका नियमापुढे त्यांचे वजन कामी आले नाही. बाबासाहेब बॅरिस्टर होते. आमच्या कचेरीत येणारी बहीण बॅरिस्टर नाही. पण नियम तिलाही तोच लागू आहे. "सगळ्या वाडीला माहीत आहे" हे वाक्य न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही.

मग दाखवायचे काय? पहिले म्हणजे लग्न. ग्रामपंचायतीत नोंदणी केलेली असेल तर ग्रामसेवकाकडून दाखला मिळतो आणि प्रश्न मिटतो. नसेल तर? आपल्याकडे पुष्कळांची नसते. मग लग्नपत्रिका, फोटो, शिधापत्रिकेवरचे नाव, मुलांच्या जन्मदाखल्यावरचे आईबापाचे नाव, मतदारयादी, लग्नाला हजर असलेले दोन जाणते. पोटगीच्या अर्जात विवाहाचा पुरावा फौजदारी खटल्याइतका कडक लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटले आहे. इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. नवरा कारखान्यात असेल आणि कामगार विमा योजनेत असेल, तर त्याच्या विमा कार्डावर कुटुंबीयांची नावे असतात. त्या एकाच कागदाने लग्नही दिसते आणि नोकरीही. भविष्य निर्वाह निधीच्या आणि ग्रॅच्युइटीच्या नामनिर्देशनातही बायकोचे नाव असते. ही कागदपत्रे ट्रंकेत पडलेली असतात आणि कोणाला त्यांची किंमत वाटत नाही.

ट्रंकेवरून आठवले. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी यांचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले. चिखल उपसल्यावर लोकांनी आधी धान्य वाळत घातले, मग कागद. दोरीवर कपड्यांसारखे वाळत घातलेले दाखले आणि पासबुके आम्ही पाहिली. शाई उतरून गेलेली. तेव्हापासून आम्ही प्रत्येकीला सांगतो की अस्सल कागद प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत, माळ्यावर; आणि त्यांचे फोटो काढून माहेरच्या विश्वासू माणसाच्या मोबाईलमध्ये. गेलेल्यांच्या नकला मिळतात. जन्माची आणि विवाहाची नोंद दप्तरात असते, सातबारा आणि आठ-अ तलाठ्याकडे किंवा संगणकावर मिळतो, बँक खातेउतारा देते. वेळ लागतो, पण मिळते. न मिळणारी गोष्ट एकच, ती म्हणजे तारीख. कोणत्या महिन्यात किती पैसे आले, कोणत्या दिवशी घराबाहेर काढले, हे कुठल्याही सरकारी दप्तरात नसते. म्हणून एक शंभर पानी वही करावी आणि तीत तारीखवार लिहावे. "तो नेहमी मारायचा" असे नव्हे. दिवस, जागा, काय झाले, कोण हजर होते. मागचे आठवत असेल तेवढेच लिहावे, आणि अंदाजाची तारीख असेल तर अंदाजे असेच लिहावे. अर्जात चार तारखा ठाम लिहून उलटतपासणीत तीन डळमळल्या, तर चौथी खरी असूनही कोणी मानत नाही.

आता खरे कठीण प्रकरण, म्हणजे नवऱ्याचा पगार. बायकोला तो बहुधा ठाऊकच नसतो. यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी एक फार उपयोगी निकाल दिला. रजनेश विरुद्ध नेहा असे त्याचे नाव; प्रकरण मूळचे आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातले. त्या निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. त्याचे नमुने निकालाला जोडलेले आहेत, शेतीवाल्यांसाठी वेगळा नमुना आहे. बायकोने आपले प्रतिज्ञापत्र अर्जासोबत द्यायचे, नवऱ्याने चार आठवड्यांत. टाळाटाळ करून दोनापेक्षा जास्त मुदती मागितल्या तर त्याचा बचाव काढून टाकण्याचा विचार न्यायालयाला करता येतो. पूर्वी "मला काही मिळत नाही" एवढे म्हणून सुटत असत. आता शपथेवर आकडे लिहावे लागतात.

पण आकडे लिहिण्याचीही कला असते, आणि ती आम्ही जवळून पाहिली आहे. समजा, एकाचा एकूण पगार २८,००० आहे. भविष्य निर्वाह निधीचे २,४०० आणि व्यवसाय कराचे २०० कापले, उरले २५,४००. मग पतपेढीचा हप्ता ९,००० आणि आगाऊ उचलीची कपात ४,०००. हातात पडले १२,४००. प्रतिज्ञापत्रात तो "हातात १२,४००" लिहितो, आणि ते खोटे नसते! पण निधी आणि कर कायद्याने कापले जातात, आणि पतपेढीचे कर्ज त्याने स्वतः काढले, कदाचित भांडण सुरू झाल्यावरच. सक्तीची कपात आणि मर्जीची कपात यांत न्यायालये फरक करतात, पण तो फरक कोणीतरी दाखवून द्यावा लागतो. म्हणून पगारपत्रक तळापासून वर वाचायला शिकावे. हातात पडलेल्या रकमेपासून सुरुवात करावी आणि एकेक कपातीला विचारावे, तू कोणाच्या हुकमाने आलीस? ओव्हरटाईम आणि बोनस कुठे गेला तेही पाहावे. पगारपत्रकच हाती नसेल तर मालकाकडून ते मागवावे असा अर्ज न्यायालयालाच करता येतो. गावच्या जमिनीचे सातबारे मात्र आपणच काढावेत. भात, आंबा, भाड्याने दिलेली खोली, हे नवरा क्वचितच आपण होऊन लिहितो.

या बाबतीत आमचीही परीक्षा झाली. आमच्या एका सभासदाने मागणी केली की, याला तीन महिने काम नाही असे पत्र संघटनेच्या शिक्क्यावर द्या. कोर्टात लावायचे होते. काम होते, ओव्हरटाईमही होता. आम्ही पत्र दिले नाही. पुढच्या आठवड्यात त्याची बायको आली, म्हणाली, हजेरीपत्रकाची नक्कल गुपचूप द्या. तीही दिली नाही. सभासदाचा कागद त्याच्या पाठीमागे देणे हा संघटनेचा धर्म नव्हे. मात्र न्यायालयाकरवी तो कसा मागवायचा, तो अर्ज आम्ही तिला तिथेच बसवून तिच्याच अक्षरात लिहवून घेतला. दोघेही रागावले. सभासदाने पुढल्या निवडणुकीत आमच्याविरुद्ध प्रचार केला. तो त्याचा अधिकार होता. काही मित्र म्हणतात, संघटनेने यात पडूच नये. आम्ही म्हणतो, खोटे पत्र दिले असते तर आम्ही पडलोच असतो, फक्त दुसऱ्या बाजूने. पगारवाढीच्या मागणीपत्रात आम्ही दर वेळी कामगाराच्या बायकापोरांचा खर्च मांडतो. तो मांडून मिळविलेल्या पगारातून त्याच बायकापोरांना वगळण्यास मदत करायची, हे आमच्याने होणार नाही.

हाच न्याय बहिणींनाही लागू आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तुम्ही शिवण करीत असाल, ठेकेदाराकडे रोजाने जात असाल, तर तुमच्या प्रतिज्ञापत्रात ते लिहा. बायको थोडेफार मिळविते एवढ्याने पोटगी जात नाही. लपविलेले उघडे पडले की मात्र सगळ्याच म्हणण्यावरचा विश्वास जातो. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली आधी काही रक्कम मंजूर झाली असेल तर तीही सांगावी लागते. मोबाईलवरचे संदेश दाखवायचे असतील तर नुसती छापील प्रत चालत नाही. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, आणि तो मोबाईल जपून ठेवावा, विकू नये.

आता घाई कशाची करावी आणि कशाची नाही. पुष्कळ जणी सगळे कागद जमेपर्यंत अर्जच करीत नाहीत. हे बरोबर नाही. त्याच २०२० च्या निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरविले आहे. अर्ज तीन महिने लांबला की तीन महिन्यांचे पैसे गेले. तेव्हा असेल तेवढ्यावर अर्ज करावा, राहिलेले कागद यादीने मागाहून द्यावेत. खालच्या न्यायालयाची भाषा मराठी आहे, अर्ज मराठीत चालतो. तीन संच करावेत: एक न्यायालयाला, एक समोरच्याला, एक आपला. प्रत्येक पानाला क्रमांक, वर यादी. आपल्या प्रतीवर दाखल झाल्याची तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ही कामगाराची जुनी सवय आहे, पोच घेतल्याशिवाय मालकाला आम्ही साधी रजेची चिठ्ठीसुद्धा देत नाही.

तारखेच्या दिवशी दहाच्या आत पोचावे. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून पहिली गाडी चुकली की दिवस जातो, म्हणून जमल्यास आदल्या रात्री खाली नातेवाइकाकडे उतरावे. पुकारा झाला आणि आपण नाही, तर अर्ज गैरहजेरीत निकाली निघू शकतो. न्यायाधीशांनी विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणावे. ते उत्तरच आहे. समोरचा वकील चिडवील, चारित्र्यावर बोलेल. त्याला उत्तर न्यायाधीशांकडे पाहून द्यावे, त्याच्याकडे पाहून नव्हे. त्या दिवशी काय झाले हे रोजनाम्यात लिहिले जाते. तो वाचावा, पुढची तारीख वहीत लिहावी. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी क्रमांक असतो. तो घरातल्या शिकत्या मुलाला दिला तर पुढची तारीख मोबाईलवर दिसते, आणि "तारीख कळली नाही" ही सबब उरत नाही.

हुकूम झाला म्हणजे पैसे आले, असे नव्हे. हुकमाची नक्कल घ्यावी आणि वहीत नवे पान काढावे: महिना, देय रक्कम, आलेली रक्कम, बाकी. नवऱ्याने थकविले तर वसुलीचा अर्ज करावा लागतो, आणि जी रक्कम देय झाली तिच्यासाठी एका वर्षाच्या आत करावा लागतो. आज देईल, गणपतीला देईल, शिमग्याला देईल, अशी वाट पाहत चौदा महिने गेले, तर पहिल्या दोन महिन्यांची रक्कम या मार्गाने वसूल होत नाही. वसुलीत न्यायदंडाधिकारी थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतात. काही नवरे म्हणतात, महिना काढू आत, मोकळे होऊ. तसे मोकळे होता येत नाही; तुरुंगात गेल्याने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले आहे. तेव्हा तो आत जाऊन आला तरी वहीतली बाकी खोडू नये. ती तशीच पुढच्या पानावर ओढावी, आणि अकराव्या महिन्यात पुढच्या अर्जाला हात घालावा.